रॉकेटसाठी कार्बनचे नॉझल: लघुउद्योगाने कर्ज घ्यावे का?

काय बदलले?
एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन संमिश्राचे नॉझल विकसित केल्याचे जाहीर केले. इंजिनातील तापलेला वायू ज्या भागातून बाहेर पडतो, त्याला नॉझल म्हणतात. पूर्वी हा भाग कोलंबियम मिश्रधातूचा असे. नव्या भागाचे वजन सुमारे ६७ टक्के कमी आहे. त्यामुळे रॉकेट १५ किलो जास्त भार नेऊ शकते. महेंद्रगिरी येथील २०० सेकंदांच्या चाचणीत या भागाचे तापमान सुमारे ९४० अंश सेल्सिअसपर्यंत गेले.

खर्च कुठे होतो?
कार्बन धाग्यांचे कापड आणि रेझिन साच्यावर बसवून भट्टीत तापवतात. त्यात बारीक छिद्रे राहतात. ती वायूतून कार्बन साचवून भरावी लागतात आणि हे काम फार सावकाश चालते. कार्बन जळू नये म्हणून शेवटी सिलिकॉन कार्बाइडचा लेप देतात. म्हणजे पैसा केवळ कच्च्या मालात जात नाही. भट्टीच्या वेळेत आणि तपासणीतही जातो. हा वेळ आणि बाद होणारे नग कमी झाले, तरच असे भाग स्वस्त होतील.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?
अशी भट्टी लहान कारखान्याच्या आवाक्यात नसते. साचे, जिग आणि मशीनिंगची कामे मात्र करता येतात. पण देशात वर्षाला मोजकीच उड्डाणे होतात. म्हणून केवळ या कामाच्या भरवशावर कर्ज घेऊ नका. पंप किंवा वाहनांच्या सुट्या भागांसाठीही चालेल असेच यंत्र निवडा.

कोणती योजना उपयोगी?
• नवा उद्योग: पीएमईजीपीत उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख रुपये आणि अनुदान १५ ते ३५ टक्के आहे. अनुदान तीन वर्षे बँकेत राखून ठेवले जाते. ते लगेच हाती येत नाही.
• सुरू असलेला व्यवसाय: मुद्रा कर्ज १० लाखांपर्यंत मिळते. ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत मिळू शकते.

लक्षात ठेवा
उद्यम नोंदणी मोफत आहे. मुद्रा कर्जासाठी कोणताही एजंट नेमलेला नाही. अर्ज थेट बँकेत करा. अर्जापूर्वी योजना सुरू असल्याची खात्री करा आणि ग्राहकाकडून लेखी मागणी घ्या.