आठवड्याला एक विषय, एक फोटो

आमच्या वसाहतीत गेल्या वर्षापासून एक उपक्रम चालू आहे. सोमवारी एक विषय ठरतो. शनिवारपर्यंत प्रत्येकाने त्या विषयावर एकच फोटो निवडून स्टुडिओतून त्याची ४ बाय ६ ची प्रत काढून आणायची आणि रविवारी सायंकाळी समाजमंदिरात बसून सर्वांनी एकमेकांच्या फोटोंवर बोलायचे. छायाचित्रणाची आवड असणारे पुष्कळ लोक ५२ आठवड्यांचे ५२ विषय घेऊन असा सराव करतात. आम्ही तो आपल्या सोयीने उचलला. आम्ही चौदा जण, त्यांत नऊ भगिनी. कॅमेरा एकाकडेच, बाकी सगळे मोबाईल.

एकच फोटो का? रीळ होते तेव्हा एका रिळात ३६ फोटो, शिवाय धुण्याचा आणि छपाईचा खर्च वेगळा. माणूस कळ दाबण्याआधी विचार करी. मोबाईलने तो धाक घालवला. आता काढताना नाही, तर निदान निवडताना तरी विचार व्हावा, एवढाच हेतू.

विषयही नेमका हवा. ‘निसर्ग’ म्हटले की चौदाच्या चौदा जण सूर्यास्त आणतात! ‘उंबरा’, ‘रांग’, ‘दुपारचा एक’ असे विषय दिले की माणूस रोजच्याच रस्त्याकडे नव्याने पाहू लागतो.

खरी गंमत रविवारची. ‘छान आहे’, ‘मस्त आला’ या शब्दांना आमच्याकडे बंदी आहे. फोटो ज्याचा त्याने गप्प बसायचे. इतरांनी आधी फक्त काय दिसते ते सांगायचे, मग काय खटकते ते. ‘रांग’ या विषयावर एका भगिनीने रेशन दुकानापुढची रांग आणली होती. तिला दाखवायची होती रांगेच्या टोकाशी टेकून बसलेली म्हातारी. पण दहा जणांना आधी दिसली ती मागची लाल खुर्ची. लाल रंग आणि लख्ख उजेड नजर आपल्याकडे ओढून घेतात. दोन पावले डावीकडे सरकली असती तर खुर्ची चौकटीबाहेर गेली असती. हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण काढणाऱ्याच्या मनात म्हातारीच असते. अशाच बोलण्यातून बारीकसारीक गोष्टी समजल्या. स्वयंपाकघरात वापरलेल्या मोबाईलच्या भिंगाला तेलकट बोट लागलेले असते, ते सुती कापडाने पुसावे. माणसाच्या पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले की तो उजळतो.

‘काम’ या विषयाच्या रविवारी मात्र बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या सफाई कामगार आईचा फोटो आणला. पहाटेचा रस्ता, वाकलेली आई, झाडूने उडालेल्या धुळीत शिरलेला उजेड. सगळ्यांनी उजेडाचे कौतुक केले. आई मागेच बसली होती. ती म्हणाली, ‘‘फोटो चांगलाय. पण यात माझं तोंड कुठंय?’’

एक तरुण म्हणाला, ‘‘मावशी, कष्टाची लाज कशाला?’’

‘‘लाज नाही रे बाबा. सत्तावीस वर्षं करतेय. लोकांना नुसता झाडू दिसतो. आता लेकीलाही तोच दिसावा का?’’

मग वाद झाला. मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे कृष्णधवल फोटोंतून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते हाल दाखवलेच नसते, तर पाहणाऱ्यांना कळले असते का, असा एकाचा सवाल. तोही खोटा नाही. हाल दाखवणारे फोटो निघालेच पाहिजेत, असे आमचेही मत आहे. पण ज्याचा फोटो त्याला पहिला शब्द, हा नियम आम्ही त्या रात्री वहीत लिहिला. उजेड, चौकट, रंग हे सारे त्याच्यानंतर.

पुढच्या आठवड्याचा विषय होता ‘दार’. मुलीने पुन्हा आईच आणली. हजेरी चौकीच्या दारात चार जणी चहा पीत बसलेल्या, आई कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी बोलतेय. हा दाराचा फोटो नव्हे, असा आक्षेप निघालाच. आमच्यात काटेकोर माणसांची वाण नाही! फोटो जरा तिरपा आहे आणि एकीचा हात कापला गेला आहे, हेही मुलीला ऐकावे लागले. आईने त्याची मोठी प्रत मागून घेतली.

आपापल्या वस्तीत हे सुरू करायचे तर पाच माणसे पुरेत. जागा कुणाचीही ओसरी चालेल. पहिला विषय आम्ही सुचवतो : घरातले सर्वांत जुने भांडे.