मुंजीच्या कॅसेटमधला जॉनी वॉकर

"दादानं आणलेली ती कॅसेट कुठे गेली गं?" आईनं रिक्षात विचारलं. आम्ही 'प्यासा' बघून परतत होतो. २०२५ हे गुरुदत्तच्या जन्मशताब्दीचं वर्ष. ऑगस्टमध्ये त्याचे चित्रपट नव्यानं दुरुस्त होऊन पुन्हा थिएटरात लागले, त्यातला एक खेळ आम्हा मायलेकींना साधला. पडद्यावर चंपीवाला अब्दुल सत्तार आला, सगळं थिएटर खुललं, आणि आईला पस्तीस वर्षांपूर्वीची कॅसेट आठवली. "त्यात हा म्हातारा झालेला दिसतो. गुरुदत्तबद्दल बोलतो. आपल्या इंदूरचाच की तो!"

इंदूरचाच. जॉनी वॉकर म्हणजे बद्रुद्दीन काझी, इथल्या एका गिरणी कामगाराचा मुलगा. गिरणी बंद पडली, कुटुंब मुंबईला गेलं, बद्रुद्दीन बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर झाला, बलराज साहनींच्या नजरेत भरला आणि १९५१ साली 'बाजी'त झळकला. आपल्या गावाचं सिनेमाशी नातं फार जवळचं. लता मंगेशकरांचा जन्म इथल्या सिख मोहल्ल्यातला, सलीम खान इथले, किशोरकुमार खंडव्याहून शिकायला आला तो इथल्या ख्रिश्चन कॉलेजात. रीगल, मधुमिलन, सपना-संगीता ही नावं आज आपण चौकांची आणि रस्त्यांची म्हणून घेतो, पण ती मूळची थिएटरांची. अशा गावात जॉनी वॉकरच्या कॅसेटची आठवण निघाली की ती नुसती आठवण राहत नाही, चुटपुट होते.

दादा म्हणजे माझा मामा. तो लेस्टरला राहायचा. १९९० च्या जानेवारीत तो आला तेव्हा त्याच्या बॅगेत सुकामेवा, चॉकलेटं यांच्या तळाशी एक व्हिडिओ कॅसेट होती. विलायतेतली कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर चालायची, दोन्हीकडची पद्धत पालच होती. अमेरिकेतून आलेली कॅसेट मात्र नुसत्या पट्ट्या दाखवायची. आम्ही एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्यानं आणला आणि रामबागेतल्या आमच्या खोलीत शेजारपाजारची पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसली. सिनेमा बघायला नव्हे, सिनेमा कसा झाला ते ऐकायला. तोवर असं काही आम्ही पाहिलंच नव्हतं.

कॅसेटवरचे ते कार्यक्रम विलायतेतल्या चॅनल फोरचे. ही वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली, तीच मुळी इतर वाहिन्या ज्यांच्याकडे बघत नाहीत त्या प्रेक्षकांनाही जागा द्यायची या कायद्यानं घातलेल्या जबाबदारीसह. त्या जबाबदारीतून हिंदी चित्रपट ब्रिटिश टीव्हीवर आले आणि हिंदी चित्रपटांविषयीचे कार्यक्रमही. हैदराबादेत जन्मलेल्या, लंडनमध्ये वाढलेल्या नसरीन मुन्नी कबीर यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'मूव्ही महल' ही चाळीसहून अधिक भागांची मालिका केली. मग १९८९ साली 'इन सर्च ऑफ गुरुदत्त' हा तीन भागांचा माहितीपट आला, १९९१ साली लताबाईंवर सहा भागांची मालिका. जुन्या चित्रपटांचे तुकडे, आणि त्या तुकड्यांमागची माणसं स्वतः समोर बसून बोलताहेत, एवढाच त्याचा बाज. प्रश्न विचारणारीचा अभ्यास पक्का होता आणि बोलणाऱ्याला घाई नव्हती.

त्या माणसांची नावं आज आठवली की गलबलतं. गुरुदत्त १९६४ साली, चाळिशीही न गाठता गेला. पण पंचवीस वर्षांनी त्याच्याविषयी बोलायला त्याची आई वासंती पदुकोण होत्या, बहीण ललिता लाजमी होत्या. वहीदा रहमान, लेखक अब्रार अल्वी, छायालेखक व्ही. के. मूर्ती, जॉनी वॉकर होते. 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो दिव्याचा नाही. बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवर घेऊन मूर्तींनी ते आत फिरवलं होतं. चित्रपट शंभर वेळा पाहिला तरी आरसे दिसत नाहीत. ते कुणीतरी विचारावं लागतं आणि मूर्तींनी सांगावं लागतं. जॉनी वॉकर २००३ साली गेले, अल्वी २००९ साली, मूर्ती २०१४ साली, ललिताबाई २०२३ साली. आता विचारायचं म्हटलं तरी यातली बहुतेक माणसं नाहीत. उरलाय तो त्या वेळी कुणी विचारून ठेवलेला शब्द.

म्हणून मी ती कॅसेट शोधायचं ठरवलं.

आधी लेस्टरला मामेभावाला फोन केला. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. घर आवरताना भिंतभर कॅसेटी निघाल्या होत्या, व्हीसीआरच राहिला नव्हता, सगळ्या देऊन टाकल्या, असं तो म्हणाला. त्याचा आवाज पडला. मी त्याला काही बोलले नाही. शेवटचे व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीनं २०१६ सालीच उत्पादन थांबवलं, मग कॅसेटी जपून कुणी काय करायचं?

मग पुस्तकं. नसरीनबाईंचं गुरुदत्तवरचं पुस्तक १९९६ साली आलं आणि लताबाईंशी केलेल्या गप्पांचं २००९ साली. या मालिकांसाठी झालेल्या कामाचा मोठा ठेवा त्यांत उतरलाय. दोन्ही मिळवून वाचली, पोट भरलं. पण पुस्तकात सांगणाऱ्याचं थांबणं नसतं, बोलताबोलता नजर खाली जाणं नसतं. इंटरनेटवरही बरंच हाती लागलं, पण ते सुटंसुटं. एका भागाचा उत्तरार्ध एकीकडे, पूर्वार्ध दुसरीकडे, आवाज पुढे आणि ओठ मागे. कुणीतरी आपल्या घरच्या कॅसेटवरून चढवलेलं. त्या अनोळखी माणसांना मी मनापासून हात जोडते, त्यांनी आपापलं घर धुंडाळलं नसतं तर एवढंही नसतं.

असे कार्यक्रम का हरवतात? याची कारणं साधी आहेत. जुन्या चित्रपटांवरच्या कार्यक्रमात चित्रपटांचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा. परवानगी घेतली जाते ती प्रक्षेपणापुरती, काही वर्षांपुरती. मुदत संपली की पुन्हा दाखवायला सगळ्या मालकांचे दरवाजे पुन्हा ठोठावायचे. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांची 'हॉलिवूड' ही तेरा भागांची मालिका १९८० साली टेम्स टेलिव्हिजननं दाखवली. मूकपटांच्या काळातली हयात माणसं गाठून त्यांना बोलतं करणारी ती मालिका जाणकार आजही डोक्यावर घेतात, पण याच हक्कांच्या गुंत्यामुळे तिची नीट डीव्हीडी निघू शकली नाही.

दुसरं कारण त्याहून घरगुती. टेप महाग, म्हणून दाखवून झालेलं पुसायचं आणि त्याच टेपवर नवं भरायचं. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत असंच केलं आणि 'डॉक्टर हू' या त्यांच्या लाडक्या मालिकेचे नव्वदच्या वर भाग आजही बेपत्ता आहेत. टीव्ही हे रोजचं, आज दाखवलं आणि संपलं, असंच सगळे धरून चालले. चित्रपटाच्या बाबतीतही आपण फार शहाणे नव्हतो. 'आलम आरा'ची एकही प्रत उरली नाही. पण पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, पी. के. नायर यांच्यासारखा माणूस गावोगाव हिंडून डबे गोळा करत राहिला, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं त्यांनी मिळवून जपली. टीव्हीवर सिनेमाविषयी जे बोललं गेलं त्याच्या मागे असा कुणी नायर धावला नाही. ते सिनेमात धरलं गेलं नाही आणि इतिहासातही नाही.

तरी माझा भरवसा घरांवर होता. आपल्या इंदुरात त्याचं उदाहरण आहे. पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी लताबाईंच्या गाण्यांच्या हजारो ग्रामोफोन तबकड्या जमवून २००८ साली संग्रहालय उभं केलं. एका माणसानं एक आवाज जपायचं मनावर घेतलं, एवढीच त्याची सुरुवात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. लग्नाच्या, बारशाच्या कॅसेटी. एकीवर आईच्या अक्षरात माझ्या भावाचं नाव: 'बंड्याची मुंज, वैशाख १९९१'. त्या कागदाचा कोपरा सुटला होता आणि खालून निळी शाई डोकावत होती. वाफेवर धरून वरचा कागद सोडवला. खाली मामाचं तिरपं अक्षर: 'मूव्ही महल / गुरुदत्त'.

कॅसेटच्या कडेला एक लहानशी कळ असते. ती मोडली की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मामानं ती आठवणीनं मोडून ठेवली होती. आणि त्या जागी कुणीतरी चिकटपट्टी लावली होती, अगदी नीट, कात्रीनं कापून. आई पट्टीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या बाबांनी. शूटिंगवाला म्हणाला होता, एखादी कॅसेट द्या घरातली. नवी आणायची तर पैसे नव्हते गं. मुंजीत फार खर्च झाला होता."

बीबीसीनं जे केलं ते आम्हीही केलं होतं. राग कुणावर धरायचा?

पण मुंज किती लांबीची होती? कॅसेट तीन तासांची. या एका हिशेबावर मी ती घेऊन जेल रोडला गेले. जुने व्हीसीआर दुरुस्त करणारे एक काका तिथे अजून आहेत. त्यांनी पाठीमागचे पाच स्क्रू काढले, झाकण उचललं आणि चष्मा कपाळावर चढवला. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी होती. "फफूंद है दीदी. पर माल अंदर है." तशीच लावली असती तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर गेली असती आणि टेपही तुटली असती. त्यांनी दोन दिवस घेऊन ती फडक्यानं, अल्कोहोलनं पुसली, दुसऱ्या खोक्यात बसवली आणि मला बोलावलं. टेपची नक्कल झटपट होत नाही. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरायला तीन तास लागतात. मी आईलाही घेऊन गेले आणि आम्ही बाकावर बसून राहिलो.

मुंज सुरू झाली. घेरा केलेला बंड्या, मांडीवर घेऊन बसलेली आई, भिक्षावळ. मग पंगत, आणि वाढप्यांमागून पंचा खांद्यावर टाकून फिरणारे बाबा. "सावकाश होऊ द्या, सावकाश," ते एकेकाला म्हणत होते. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांचा फोटो घरात आहे, आवाज कुठेच नव्हता. आई पदर तोंडाशी धरून ऐकत होती.

दोन तास वीस मिनिटांनी मुंज संपली. पडद्यावर मुंग्या आल्या. काकांनी हात उचलून थांबायची खूण केली. मुंग्या हलल्या, रंग सरकले, आणि खुर्चीवर बसलेला एक साठी ओलांडलेला माणूस बोलू लागला. आईनं माझा हात दाबला. जॉनी वॉकर. टोपी नाही, दारुड्याचा तोल जाणं नाही. आयुष्यात दारूला न शिवलेला, पडद्यावरचा तो मदिरेचा बादशहा आपल्या गेलेल्या मित्राविषयी शांतपणे बोलत होता. चाळीस मिनिटं उरली होती. बाकीचं गेलं ते गेलं.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल. टीव्हीवरून उतरवलेली मुलाखत, आकाशवाणीवरून भरलेली ध्वनिफीत, पाहुण्यानं परगावाहून आणलेलं काहीतरी. लेबलवर जे लिहिलंय तेवढंच आत आहे असं समजू नका. शेवटपर्यंत चालवून बघा, आणि हा पावसाळा यायच्या आत बघा. बुरशी दरवर्षी थोडी पुढे सरकते आणि टेप दुरुस्त करणारे काका दरवर्षी कमी होतात. जे सापडेल त्याची प्रत काढा आणि ज्यांना त्याचं मोल कळतं त्यांच्यापर्यंत पोचवा. सिनेमे सांभाळायला संस्था आहेत. सिनेमा करणाऱ्यांनी आपल्या तोंडानं सांगितलेलं मात्र बऱ्याचदा आपल्यासारख्यांच्या घरीच उरलंय.

निघताना काकांनी विचारलं, "मुंज अलग कर दूँ? पिक्चरवाला हिस्सा अलग?" मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. आता दर रविवारी दुपारी ती ते सगळं लावते. बाबा म्हणतात सावकाश होऊ द्या, मग जरा वेळ मुंग्या, आणि मग आपल्या इंदूरचा जॉनी वॉकर.