गिरणीच्या फरशांवरून

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील एडेल या लहानशा गावी गेल्या श्रावणात चार दिवस मुक्काम करण्याचा योग आला आणि किंडर स्काउटच्या ६३६ मीटर उंचीच्या मोकळ्या पठारावर मनसोक्त हिंडणे घडले. तिकडच्या ‘मूर’ला आपल्या भाषेत नेमका प्रतिशब्द नाही, कोकणातला सडा त्याच्या जवळ येतो, परंतु सड्याच्या पोटात जांभा असतो आणि मूरच्या पोटात पीट, म्हणजे सहस्रावधी वर्षे शेवाळ अर्धवट कुजत, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने साठत आलेली काळीभोर ओली माती, जिच्यात पाऊल घोट्यापर्यंत रुतते. वर वृक्षाचे नाव नाही. दृष्टी पोहोचेल तिथवर हेदरचा जांभळा बहर, आणि पश्चिमेचा वारा असा की कड्यावरून कोसळणारे पाणी, नाणेघाटातल्याप्रमाणेच, उलटे वर उडते.

मिल हिलच्या पुढे या चिखलातून दगडी फरशांची वाट जाते. एका फरशीपाशी मी थांबलो. तिचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झालेला होता, एका कडेला दोन वाटोळी छिद्रे होती आणि त्यांत रात्रीच्या पावसाचे पाणी साचले होते. लँकेशायरमधील जुन्या कापडगिरण्या पाडल्या गेल्या तेव्हा त्यांच्या तळाच्या फरशा हेलिकॉप्टरने उचलून येथे अंथरण्यात आल्या. यंत्रे जखडण्याची ती छिद्रे. अमेरिकेतील यादवीच्या काळात आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूसही त्याच मुलुखातील गिरण्यांत जाऊन पडत होता, हे आठवून मी त्या दगडावर हात टेकला.

त्या गिरण्यांत आणि कारखान्यांत सहा दिवस राबणाऱ्या माणसांना मोकळ्या हवेसाठी एक रविवार काय तो मिळे, आणि धूर ओकणाऱ्या शहरातून डोळ्यांना दिसणारे हे पठार मात्र उमरावांची खासगी मालमत्ता. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचे मोजके दिवस साजरे व्हावेत म्हणून वर्षभर तेथे पादचाऱ्यास मज्जाव आणि पहाऱ्यास रखवालदार. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढारपणाखाली सुमारे चारशे माणसे हेफील्डहून उघडपणे वर चढली. रखवालदारांशी झटापट झाली. दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा तेथे फौजदारी गुन्हा नव्हता, तेव्हा दंग्याची आणि मारहाणीची कलमे लावून पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेत धाडण्यात आले. चालल्याबद्दल कैद! पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली हाच इलाखा ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० च्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर पायी हिंडण्याची मुभा सर्वांना मिळाली. कागदावरचा हक्क पुष्कळ उशिरा आला. वहिवाट त्या रविवारीच पडली होती, असे मी मानतो.

मुलाबाळांना भेटावयास मँचेस्टरला जाणाऱ्या वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी एक दिवस मुद्दाम राखून ठेवावा. पिकॅडिली स्थानकावरून गाडी सुमारे पाऊण तासात एडेलला पोहोचवते. मात्र वर गेल्यावर फरशा सोडून खाली उतरू नये. गिरण्यांच्या धुराने मारलेले शेवाळ तेथे पुन्हा हाताने लावले जात आहे.