घरचें आरोग्य : न भरणारी जखम
एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें आहे. त्यांच्या सासूबाईंच्या डाव्या पायाला, घोट्याच्या वर आंतल्या बाजूस, रुपयाएवढी जखम आहे. तिला तीन वर्षें होत आलीं. पाय संध्याकाळपर्यंत सुजतो, रात्रीं निजल्यावर सूज उतरते. आजवर लावलेल्या मलमांची यादी पत्रासोबत जोडलेली आहे. तींत अकरा नांवें आहेत. शेवटीं प्रश्न असा, कीं आतां कोणतें मलम लावावें?

उत्तर देण्यापूर्वीं आमच्याच घरची एक हकीकत सांगावयास हवी. ती सांगतांना मला आजहि संकोच वाटतो. आमच्या आत्याबाई वाड्यांतील सर्वांत वडील. त्यांच्या पायाला अशीच जखम होती आणि ती नऊवारीच्या काठाखालीं झांकलेली असे. जखम वाहते म्हणून त्यांनीं आपण होऊन सोवळ्याचा स्वयंपाक सोडला, पुढें देवघर सोडलें, मग पंगतींतहि त्या बसेनात. घरांत कोणी त्याविषयीं बोलत नसे. मी नुकताच दवाखाना घातला होता. घरचा डॉक्टर म्हणून मीं गोळ्या दिल्या, मलमें बदललीं, रक्तांतील साखर तपासली. ती ठीक निघाली तेव्हां माझें कर्तव्य संपलें, असें मला वाटलें. अशीं सात वर्षें गेलीं. १९९४ सालीं मुंबईच्या एका शल्यवैद्यांनीं त्यांचा पाय पाहिला. जखमेकडे पाहण्याआधीं त्यांनीं आत्याबाईंना उभें राहावयास सांगितलें आणि मांडीपासून घोट्यापर्यंत फुगलेल्या वांकड्यातिकड्या शिरा मला दाखविल्या. सात वर्षांत मीं त्यांना एकदांहि उभें करून पाहिलें नव्हतें!

उभ्या माणसाच्या पायांतलें रक्त हृदयाकडे चढतें तें मुख्यतः पोटरीच्या जोरावर. पावलागणिक पोटरी आवळते, नीलांतलें रक्त वर ढकललें जातें, आणि तें मागें येऊं नये म्हणून नीलांना आंतून झडपा असतात. हातपंपाची झडप झिजली म्हणजे दांडा कितीहि हालविला तरी पाणी खालींच उतरतें. तसेंच येथें होतें. दाब घोट्याशीं तुंबून राहतो. तेथील कातडी प्रथम तपकिरी होते, पुढें लांकडासारखी कठीण होते, आणि एखाद्या दिवशीं पाटाचा कोपरा लागून ती फुटली कीं मग भरावयाचें नांव घेत नाहीं. अशा जखमेवर वरून काय लावलें याला फारसें महत्त्व उरत नाहीं.

त्या शल्यवैद्यांनीं पुढें केलें तें असें. एक लहानसें यंत्र पायाच्या रोहिणीवर धरलें. रक्ताच्या गतीचा आवाज त्यांतून ऐकूं येतो. त्याच्या साह्यानें घोट्याचा रक्तदाब मोजला आणि दंडाच्या दाबाशीं ताडून पाहिला. दोन्ही जवळजवळ सारखे भरले. मग जखम स्वच्छ पाण्यानें धुतली, न चिकटणारें जाळीचें कापड ठेवलें आणि बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थरावर थर पट्ट्या बांधल्या. "मलम कोणतें?" मीं विचारलें. "पट्टी हेंच औषध," एवढेंच ते म्हणाले.

या पट्टीचा दाब घोट्याशीं पाऱ्याच्या सुमारें चाळीस मिलिमीटरांइतका असावा आणि वर जातां जातां तो कमी व्हावा. औषधांच्या दुकानांतून आणलेली क्रेपची पट्टी घरींच गुंडाळली तर बहुधा उलट होतें : पोटरीशीं ती करकचून बसते, घोट्याशीं सैल राहते, आणि दुपारपर्यंत सगळीच ढिली पडते. शिवाय रोहिणीची परीक्षा केल्यावांचून हें औषध देऊंच नये. घोट्याचा दाब दंडाच्या आठ दशांशांहून खालीं असेल तर पायाला रक्तच कमी पोंचत आहे. निम्म्याहून खालीं असेल तर घट्ट पट्टीनें पाऊल गमावण्याची पाळी येईल. मधुमेह्यांत रोहिण्या कठीण झाल्यामुळें हा आंकडा खोटाच चांगला दिसतो, म्हणून त्यांच्या बाबतींत अंगठ्याचा दाब किंवा दुसरी तपासणी लागते. अनुभवी माणसाकडे जा असें मी म्हणतों तें यासाठीं.

आत्याबाईंची जखम अठरा आठवड्यांत भरली. पुढें दाबाचे मोजे त्यांनीं कंटाळून सोडले तेव्हां ती एकदां पुन्हां उघडलीहि. आज त्यांच्या बिघडलेल्या शिरेवरच लवकर उपाय झाला असता. ब्रिटनमध्यें साडेचारशें रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पट्टीसोबत शीरहि लगेच बंद केली त्या गटांतील निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. शिरेचा उपाय पुढें ढकलला त्या गटांत त्यालाच ८२ दिवस लागले. शीर बंद करावयाला आतां बहुधा मोठी शस्त्रक्रिया लागत नाहीं. बारीक नळीनें उष्णता देऊन हें काम होतें.

मात्र पायाची प्रत्येक जखम शिरेचीच असते असें नाहीं. तळव्यावरची न दुखणारी जखम मधुमेह्याला झाली असेल तर ती बधिर पावलावर पडणाऱ्या भाराची असते. तो भार काढल्यावांचून ती भरत नाहीं, आणि तेथें आठवड्याचा विलंबहि महाग पडतो.

सुजेचेंहि तसेंच. सकाळीं न उतरणारी, दिवसेंदिवस कठीण होणारी सूज लसिकेच्या वाहिन्यांची असूं शकते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशीं कातडी चिमटींत धरून पाहावी. ती उचलली जात नसेल तर संशय बळावतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या भगिनींच्या हाताला हीच सूज येते, आणि "आतां हें असेंच राहायचें" म्हणून त्या गप्प बसतात. आपल्या ग्रंथांतील श्लीपद, म्हणजे हत्तीरोग, याच जातीचा. पूर्व विदर्भाला तो चांगलाच परिचित आहे. नागपूर जिल्ह्यांत २०१९ सालीं तीन औषधें एकत्र देण्याची मोहीम झाली, ती रोगाचा फैलाव थांबविण्यासाठीं; आधींच सुजलेला पाय त्या गोळ्यांनीं पूर्ववत् होत नाहीं. त्या पायाचें काय करावें, हें ब्राझिलमधील रेसिफे येथील जेरूझा ड्रायर या विदुषीनें दाखवून दिलें. वारंवार येणारा ताप व लाली यांचें कारण बहुतेक वेळां बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून शिरणारे जंतु असतात. साबण व पाणी, बेचकीं कोरडी करणें, भेगांवर उपाय, पाय उंच ठेवणें आणि घोट्याचा व्यायाम, एवढ्यानें ते झटके पुष्कळ कमी होतात. पुढें शिकलेल्या हातांचें हलकें मर्दन आणि पट्ट्या. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा या सुजेवर उपयोग नाहीं.

एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. शिरेंत गुठळी असूं शकते. त्यासोबत धाप लागली तर तासाचीहि वाट पाहूं नये.

आतां घरांतल्या समजुतींविषयीं दोन शब्द. जखमेला पाणी लावूं नये, असें आमच्या आजीपासून सर्वांनीं मानलें. उकळून निववलेल्या पाण्यानें ती धुणेंच चांगलें. हळद, राख, स्पिरिट यांनीं नवी येणारी कोंवळी त्वचा मरते. आंबटानें पू होतो म्हणून ताक-दहीं तोडतात, वर उपासहि चालूच ठेवतात. ज्या शरीराला नवें मांस घडवावयाचें आहे त्याला वरण, उसळ, दूध, दहीं हीं उलट जास्त लागतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांस विचारून. जखमेवर जंतु नेहमींच सांपडतात. लाली पसरत नसेल आणि ताप नसेल, तर त्यांच्यासाठीं गोळ्या नकोत. आणि शिरेची ही जखम घरांत कोणाला लागत नाहीं. स्वयंपाकघरापासून किंवा देवापासून दूर बसण्याचें तीत कारण नाहीं.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं मलमांची यादी घरींच ठेवावी आणि सासूबाईंना रक्तवाहिन्यांच्या शल्यवैद्यांकडे न्यावें. पट्टी बांधण्यापूर्वीं घोट्याचा दाब मोजला का, हें विचारावें. शिरांची ध्वनिलहरींनीं तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांचीं नांवें बरोबर न्यावीं, कारण अम्लोडिपिनसारख्या गोळीनें दोन्ही घोटे सुजतात. परंतु ती आपण होऊन बंद करूं नये. योग्य पट्टी तीन महिने बांधूनहि जखम आकसली नाहीं, किंवा तिची कड उचलून मांसासारखी वाढूं लागली, तर कडेचा तुकडा तपासावयास द्यावा. जुन्या जखमेंत क्वचित् कर्करोग उद्भवतो. काय निघालें तें मला अवश्य कळवावें. सासूबाईंस माझा नमस्कार सांगावा.