गरम इंजिन, थंड मोजमाप

मुलांनो, सायकलीचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा जोरात ढकला. आत कोंडलेली हवा बोट उडवायला बघते की नाही? मोटारीच्या इंजिनातही नळकांड्यात असाच एक दट्ट्या वरखाली होतो. तो म्हणजे पिस्टन. तो पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वरच्या टोकाला दाबतो, ठिणगी पडते, भडका उडतो आणि दट्ट्या खाली फेकला जातो. मिश्रण जास्त दाबलं, की तेवढ्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. फारच दाबलं, तर मात्र ते भलत्याच वेळी पेटतं आणि इंजिन ठकठक करू लागतं. गॅरेजमधले दादा त्याला 'नॉकिंग' म्हणतात.

मिश्रण किती पट दाबलं, तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. फॉर्म्युला वन शर्यतीत २०२५ पर्यंत तो जास्तीत जास्त १८ चालायचा. २०२६ च्या नव्या नियमाने तो १६ वर आणला.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. या इंजिनाचं नळकांडं ८० मिमी रुंद आणि दट्ट्याची धाव ५३ मिमी. म्हणजे एका फेरीत दट्ट्या सुमारे २६६ घनसेंमी जागा पार करतो. रेशो १६ हवा, तर दट्ट्या अगदी वर गेल्यावर १७.८ घनसेंमी जागा उरायला हवी. १८ हवा, तर १५.७. फरक फक्त २ घनसेंमीचा, अर्धा चमचासुद्धा नाही! त्यासाठी दट्ट्या ०.४ मिमी जास्त वर गेला, की झालं. तुमच्या पेन-पेन्सिलीतली ०.५ मिमीची शिसाची कांडी त्याहून जाड असते.

इथेच उष्णता मधे येते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवत, ते आजोबांना विचारा. लोहार धाव लाल होईपर्यंत तापवायचा, ती जराशी फुगली की चाकावर बसवायचा आणि वर पाणी ओतायचा. थंड होताना ती आकसून चाकाला आवळून धरायची. इंजिनातले भागही असेच तापून वाढतात. १०० मिमी लांबीचा पोलादी दांडा १०० अंशांनी जास्त तापला, की सुमारे ०.१२ मिमीने लांबतो. अॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट वाढतं.

मग दट्ट्या वर सरकून दाब वाढणारच, असं वाटेल. तसं नाही बरं का! दट्ट्याला ढकलणारा दांडा पोलादाचा आणि नळकांड्याचा ठोकळा अॅल्युमिनियमचा असेल, तर ठोकळाच जास्त वाढतो. मग वरची जागा मोठी होते आणि रेशो उलट थोडा घटतो. कुठला भाग कुठल्या धातूचा, यावर सगळा खेळ. ही जागा तापल्यावर नुसती ०.१ मिमीने जरी कमी झाली, तरी १६ चे १६.४ होतात.

आणि वाद पेटला तो यावरूनच. २०२६ चा नियम तयार झाला, तेव्हा त्यात रेशो मोजायचा तो साध्या हवेच्या तापमानाला, म्हणजे इंजिन थंड असताना. थंड असताना १६ भरेल पण तापल्यावर वाढेल, असं इंजिन कुणीतरी बनवलंय, अशी शंका २०२५ च्या शेवटी पसरली. इतर काही कंपन्यांनी तक्रार केली, की इंजिन गरम असतानाही मोजा.

याला लबाडी म्हणायचं का? मला नाही वाटत. नियमात थंड लिहिलं होतं, थंड मोजलं. पण मोजायची रीत मात्र मला पटत नाही. कारण शर्यतीचं हे इंजिन कधी थंड धावतच नाही. आतल्या फटी इतक्या बारीक असतात, की सुरू करण्याआधी त्यात गरम पाणी आणि तेल फिरवून ते तापवून घ्यावं लागतं.

तुम्ही पंच असता, तर कधी मोजलं असतं? वर्गात हात वर करून मतं मोजा बघू.