निठारीच्या अस्थी आणि मांडव्याचा सूळ

दि. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निठारी हत्याकांडातील उरलेल्या एकमेव खटल्यातही सुरेंद्र कोली याला निर्दोष ठरवले. त्याचा मालक मोनिंदरसिंग पंढेर याची सुटका दोन वर्षे आधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली होती. नोएडाच्या सेक्टर ३१ मधील डी-५ या बंगल्यामागच्या नाल्यातून डिसेंबर २००६ च्या अखेरीस मानवी कवट्या आणि हाडे निघाली, तेव्हा सारा देश हादरला होता. त्या घटनेला आता जवळजवळ दोन दशके होत आली. आज कायद्याच्या दृष्टीने त्या बालकांचा एकही मारेकरी नाही. मुले गेली हे सत्य आहे, ती मारली गेली हेही सत्य आहे. ती कोणी मारली, या प्रश्नापुढे मात्र भारताच्या न्यायव्यवस्थेने कोरा कागद ठेवला आहे.

या निकालानंतर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. न्यायालयांनी नराधमांना मोकळे सोडले, असा संताप एका बाजूला. तर एका गरीब घरगड्याला बळीचा बकरा केले होते, हे सिद्ध झाल्याचे समाधान दुसऱ्या बाजूला. दोन्ही प्रतिक्रिया समजण्याजोग्या आहेत. परंतु मूळ प्रश्न त्यांच्या पलीकडचा आहे. एवढ्या अस्थी, कपडे, हत्यारे आणि डीएनएचे अहवाल हाताशी असताना गुन्हेगार निश्चित का होऊ शकला नाही? विज्ञान कमी पडले, की विज्ञानाकडून आपण भलतीच अपेक्षा केली?

उत्तरासाठी निठारीतील पुराव्याकडेच पाहावे लागेल. हैदराबादच्या प्रयोगशाळेत अस्थींतील डीएनए काढून तो हरवलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या डीएनएशी ताडून पाहण्यात आला. त्या कसोटीने आपले काम चोख केले. ही अस्थी अमक्या घरच्या लेकराची, एवढे तिने सांगितले. त्यापुढे ती काही सांगू शकत नव्हती, कारण तो प्रश्न तिच्या कक्षेतलाच नव्हता. हाड हे मृताची ओळख देते. मारणाऱ्याची ओळख देण्यासाठी त्याचे रक्त, केस, ठसा असे काही तरी मृताच्या देहाशी वा घटनास्थळाशी जोडले जावे लागते. निठारीत हा दुवाच मिळाला नाही. बंगल्याच्या आत इतक्या हत्यांना साजेसे रक्ताचे डाग वा अवशेष आढळले नाहीत. जप्त केलेल्या चाकू-कुऱ्हाडीवर त्यांचा तसा वापर झाल्याचे दाखवणारे काही सापडले नाही. हाडे मिळाली ती घराबाहेरच्या उघड्या जागेत आणि नाल्यात. खोदकाम सुरू होण्यापूर्वी ती जागा नीट बंदिस्त करून सुरक्षितही केलेली नव्हती.

मग शिक्षा कशाच्या आधारावर झाल्या? मुख्यतः कबुलीजबाबाच्या. हा जबाब आरोपीला सुमारे ६० दिवस पोलीस कोठडीत ठेवल्यानंतर आणि परिणामकारक कायदेशीर मदतीवाचून नोंदवलेला होता. त्याच आधारावर १२ खटल्यांत अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरवल्यावर तेच पुरावे तेराव्या खटल्यात ग्राह्य कसे धरायचे, हा पेच सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायालयाने तो सोडवला आणि खरा गुन्हेगार निश्चित होऊ शकला नाही, याबद्दल खेदही व्यक्त केला. येथे एक गोष्ट विसरता येणार नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये याच आरोपीच्या फाशीची तयारी मेरठच्या तुरुंगात झालेली होती. मध्यरात्रीनंतर स्थगिती आली म्हणून तो वाचला. ती आली नसती, तर २०२५ चा निकाल ऐकायला आरोपीच उरला नसता.

एकामागून एक घडणाऱ्या हत्यांच्या प्रकरणांत भौतिक पुराव्याची ही मर्यादा अधिकच ठळक होते. सर्वसाधारण खुनात मारेकरी आणि मृत यांच्यात काही पूर्वसंबंध असतो. पैसा, जमीन, वैर, अनैतिक संबंध यांपैकी एखादा धागा तपासाला संशयितापर्यंत नेतो आणि पुरावा त्या संशयावर शिक्कामोर्तब करतो. मालिका-हत्यांत तो धागाच नसतो. मारेकरी अनोळखी, मृत बहुधा निराधार. ठसा आहे, पण तो जुळवायचा कोणाशी?

मुंबईकरांना याचा अनुभव आहे. १९८५ ते १९८८ या काळात शीव-किंग्ज सर्कल परिसरात पदपथावर एकट्या झोपणाऱ्या सुमारे डझनभर माणसांची डोकी रात्रीच्या वेळी दगडाने ठेचण्यात आली. १९८९ मध्ये कोलकात्यातही तशाच १३ हत्या झाल्या. वृत्तपत्रांनी मारेकऱ्याला ‘स्टोनमॅन’ हे नाव दिले. दोन्ही शहरांतला मारेकरी एकच होता की दोन वेगवेगळे, हेही आजतागायत ठरलेले नाही. शस्त्र शोधण्यासाठी पोलिसांना कष्ट पडले नाहीत. ते मृताच्या उशाशीच पडलेले असे. परंतु रस्त्याकडेचा दगड कोणाच्या नावावर नोंदलेला नसतो, त्याच्या खडबडीत पाठीवर बोटांचा ठसाही सहसा टिकत नाही. आणि मृतांपैकी कित्येकांचे नावगाव सांगणाराही कोणी पुढे आला नाही. पुरावा होता, त्याला बोलते करणारा संदर्भ नव्हता.

अशी हतबलता केवळ आपल्याच वाट्याला आली असे समजण्याचे कारण नाही. तंत्रज्ञानात अग्रेसर म्हणवणाऱ्या जर्मनीत २००७ साली हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाची हत्या झाली. तेथे मिळालेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए खून, घरफोड्या अशा सुमारे ४० घटनास्थळांवर आढळला होता. या ‘अदृश्य’ गुन्हेगार स्त्रीच्या मागे पोलीस वर्षानुवर्षे लागले, मोठे बक्षीसही जाहीर झाले. २००९ मध्ये उलगडा झाला तो असा की, अशी गुन्हेगार स्त्री अस्तित्वातच नव्हती. नमुने टिपण्यासाठी वापरलेल्या कापसाच्या काड्या जेथे तयार होत, तेथील एका कामगार महिलेचा डीएनए त्या काड्यांवर आधीपासूनच होता. प्रयोगशाळेतील यंत्र खोटे बोलले नाही. नमुना घेण्याच्या साधनातच दोष होता. पुराव्याची किंमत तो प्रथम उचलणाऱ्या हाताच्या शुद्धतेवर ठरते, हा धडा जर्मनीने असा महागात विकत घेतला.

भारतीय परंपरेला ही सावधगिरी अपरिचित नाही. महाभारतातील मांडव्य ऋषींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चोरांनी मुद्देमाल त्यांच्या आश्रमात लपवला. राजाच्या शिपायांना तो तेथे सापडला. मौनव्रती ऋषी काही बोलले नाहीत आणि सुळावर चढवले गेले. मुद्देमाल खरा होता, जागाही खरी होती. निष्कर्ष तेवढा खोटा होता. कौटिल्याने अर्थशास्त्रात याच मांडव्याचा दाखला घेतला आहे. चोर नसलेला माणूसही योगायोगाने चोराच्या वाटेवर आढळू शकतो, त्याचा वेष वा शस्त्र चोरासारखे असू शकते, तो चोरीच्या मालाजवळ सापडू शकतो; आणि छळाच्या भीतीने मांडव्याप्रमाणे न केलेला गुन्हाही कबूल करू शकतो, म्हणून पुराव्याची पूर्तता झाल्यावरच दंड द्यावा, असे तो बजावतो. हाच कौटिल्य त्याच ग्रंथात आकस्मिक मृत्यूच्या परीक्षेसाठी स्वतंत्र अध्याय देतो. मृतदेहावरील खुणांवरून गळा दाबला की विष दिले, हे ओळखण्याची लक्षणे त्यात आहेत. भौतिक पुराव्याचा आदर आणि त्याच्या मर्यादेचे भान, दोन्ही एकाच ग्रंथात नांदतात. आधुनिक काळातही बोटांच्या ठशांचे जे वर्गीकरण जगभर इंग्रज अधिकारी हेन्रीच्या नावाने ओळखले गेले, त्यामागे कोलकात्यातील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांची बुद्धी होती. तेव्हा विज्ञान आपल्याला परके आहे, असे नाही. उणीव आहे ती शिस्तीची.

त्या दृष्टीने १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे स्वागत केले पाहिजे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, असे बंधन तिने घातले आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. ही मुदत तज्ज्ञ घडवण्यात आणि प्रयोगशाळा उभारण्यात गेली तर निठारीसारखे खोदकाम पुन्हा होणार नाही. केवळ फायलींत गेली तर कायद्याचे कलम तेवढे शिल्लक राहील.

परंतु उत्तमातला उत्तम तज्ज्ञही घटनास्थळी पोहोचतो तो मृत्यूनंतरच. निठारीतील खरा पुरावा त्याच्या कितीतरी आधी पोलीस ठाण्याच्या दारात येऊन उभा होता. मुले हरवत होती. बंगाल-बिहारमधून पोटासाठी आलेले मजूर, मोलकरणी आपल्या लेकरांची छायाचित्रे घेऊन ठाण्यात हेलपाटे घालत होते आणि ‘पळून गेली असेल’ असे ऐकून परत जात होते. एकाच वस्तीतून इतकी मुले नाहीशी होत आहेत, हे कागदावर एकत्र मांडण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. ती पहिली तक्रार नोंदली गेली असती, दुसरीशी जोडली गेली असती, तर ताजे रक्त, ताजे ठसे, ताज्या आठवणी, सारे काही हाती लागण्याजोगे होते. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये द्यावा लागला, यातच सारे आले.

मुंबईत १९६८ साली रामन राघव पकडला गेला तो वर्णन लक्षात ठेवणाऱ्या ॲलेक्स फिआल्हो या उपनिरीक्षकाच्या नजरेमुळे. ठशांनी त्याची ओळख पटवली ती त्यानंतर. आधी जागी असलेली माणसे, मग विज्ञान, हाच क्रम आहे आणि तो उलटा होत नाही.

म्हणूनच या निकालाचा बोध केवळ पोलीस आणि न्यायालय यांच्यापुरता नाही. सेवावस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने, सोसायटीच्या गेटमधून रोज आत येणाऱ्या कामवालीला नावाने ओळखणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारले पाहिजे: शेजारच्या वस्तीतले एखादे मूल आठ दिवस दिसले नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल? तिच्या सोबत ठाण्यात कोण जाईल? तक्रारीची प्रत हाती पडेपर्यंत तेथे कोण थांबेल? सुशिक्षित माणूस बरोबर उभा असला की ठाण्यातील आवाज बदलतो, हे सर्वांना ठाऊक आहे. हे करायला ना पद लागते, ना निधी.

निठारीच्या मातापित्यांना अस्थींनी एवढेच सांगितले की, हे तुमचे लेकरू. त्याचा मारेकरी कोण, हे कदाचित आता कोणीही सांगू शकणार नाही. त्यांचे हे देणे समाजावर कायमचे राहणार आहे. पुढच्या एखाद्या आईच्या बाबतीत ते वाढू द्यायचे नसेल, तर तिचे म्हणणे मूल जिवंत असेपर्यंतच ऐकले गेले पाहिजे.