पहिला दीड महिना

कबनूरमध्ये खोकल्याकडे कोणी वळून पाहत नाही. यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालू, हवेत सुताची धूळ. पंधरा-वीस दिवस खोकणाऱ्या माणसाला ‘धूळ गेली असेल’ असे सांगून घरचे मोकळे होतात. बहुतेकदा ते खरेही असते. पण कधी तो डांग्या खोकला असतो. मोठ्या माणसाला तो नुसता हैराण करतो. त्याच खोलीत झोळीत निजलेल्या महिन्याच्या बाळाच्या मात्र जिवावर उठतो.

मोठ्या मुलाला उबळ येते, श्वास आत ओढताना ‘हूप’ असा आवाज येतो, उलटी होते. तान्ह्या बाळात अनेकदा हा आवाज येतच नाही. ते दोन-तीनदा खोकते, दूध ओढायचे थांबते, मग श्वासच थांबतो. ओठ निळे पडतात. अशा वेळी चाटण नको, दारावर आलेले गाढविणीचे दूधही नको. तडक रुग्णालय गाठावे.

या रोगावरची लस आपल्याकडे १९७८ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. आज बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना ती पेंटाव्हॅलंटमधून मिळते. पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत त्रिगुणीचे बूस्टर. कामासाठी गावे बदलणाऱ्या कुटुंबांत हे शेवटचे दोन डोस निसटण्याचा धोका मोठा. शिवाय सरकारी लसीने ताप येतो, मांडी दुखते, म्हणून ऐपत असलेले पालक खासगी दवाखान्यातली ‘न दुखणारी’ लस घेतात. अमेरिकेत दशकभरापूर्वी बबून माकडांवर झालेला प्रयोग इथे लक्षात घ्यावा. न दुखणाऱ्या लसीने माकडे आजारी पडली नाहीत, पण जंतू बाळगून इतरांना देत राहिली. सरकारी लसीसारख्या जुन्या पद्धतीच्या लसीने जंतू लवकर हटले. जुन्या लसीचे संरक्षणही अधिक काळ टिकते. म्हणजे उपकेंद्रात फुकट मिळणारी लस दुय्यम मुळीच नाही.

तरीही पहिला दीड महिना उघडाच राहतो. तो झाकण्याचा उपाय आईच्या दंडात आहे. गरोदरपणात आईने लस घेतली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. ब्रिटनने २०१२ मध्ये हे सुरू केले. तिथल्या अनुभवानुसार लहानग्यांचे संरक्षण सुमारे ९० टक्के होते. पुढे तिथे हे लसीकरण घटले. २०२४ च्या साथीत एकट्या इंग्लंडमध्ये ११ अर्भके दगावली.

आपल्याकडे सरकार गरोदर स्त्रीला धनुर्वात आणि घटसर्पाची ‘टीडी’ देते. डांग्या खोकल्याचे संरक्षण जोडलेली ‘टीडॅप’ बालरोगतज्ज्ञांची संघटना प्रत्येक गरोदरपणात सुचवते, पण ती विकत घ्यावी लागते. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा खर्च जड आहे. जगाला लसी पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्राने ‘टीडी’च्या जागी ‘टीडॅप’ मोफत देण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरलाच पाहिजे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. आशाताई दारात आल्या की बाळाचे कार्ड काढून द्या आणि पाच वर्षांच्या बूस्टरची तारीख विचारा. घरात कोणी खोकत असेल, तर त्याने तान्ह्या बाळाला कडेवर घेऊ नये.